खसखशीएवढी भीती

ऑक्टोबर सरत आला की वाण्याच्या दुकानात पुढच्या फळीवर पोहे, डाळं, सुकं खोबरं येऊन बसतं आणि त्यांच्या शेजारी छोट्या छोट्या पुड्यांत खसखस. पुण्यात ती राजरोस रव्या-मैद्याच्या पंक्तीला बसते. मी पुडी उचलते, आणि वाणी ती पिशवीत टाकेपर्यंत माझी नजर एकदा तरी दाराकडे जाते. दारात कोणी नसतं. असलं तरी काय, दिवाळीची खसखस घेणारी बाई कोणी पहिल्यांदा पाहणार आहे थोडंच! पण भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं आहे ते. माझा ब्रह्मराक्षस पांढरा आहे, बारीक आहे आणि इतकी वर्षं झाली तरी माझ्या मागोमाग भुसार दुकानात येतो.

घरी आल्यावर ती मंद आचेवर भाजायला घेते. तिचा तो थोडा तेलकट, थोडा दुधाळ वास सुटतो आणि माझं पुण्याचं स्वयंपाकघर क्षणभर समुद्रावरचं होतं. खिडकीतून खारी हवा येते, बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवतं, आणि मी आधी गॅस बंद करते.

आम्ही तेव्हा उम्म अल क्वैनला राहत होतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं. विलास, माझा नवरा, जवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता, आणि मुक्ता, आमची मुलगी, दुसरीत होती. उम्म अल क्वैन म्हणजे एक खाडी, थोडी गलबतं, थोड्या बकाली, म्हणजे तिथली वाणसामानाची दुकानं, आणि पुष्कळ वाळू. संध्याकाळी सातनंतर तिथे मांजरंसुद्धा आळसावलेली असत. गजबज हवी असेल तर दक्षिणेला जायचं. अजमान ओलांडायचं, शारजाच्या रहदारीत तासभर तिष्ठायचं, की दुबई. आमच्याकडची सगळी मराठी मंडळी त्याला 'खाली जाणं' म्हणत. "या शुक्रवारी खाली जाताय का? मग येताना कढीपत्ता आणा." एवढं मोठं शहर आमच्या लेखी भाजीबाजाराच्या वाटेवर होतं, आणि तरी तिथे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून साडीला इस्त्री व्हायची.

त्या मुलखातला ऑक्टोबर ज्याने अनुभवला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. सहा महिने कानाशी घरघरणारा एसी एके दिवशी संध्याकाळी आपण बंद करतो आणि घर इतकं शांत असतं हेच आपण विसरलो होतो असं लक्षात येतं. खिडक्या उघडतात. गाद्यांना ऊन दाखवलं जातं. माणसं सतरंज्या घेऊन समुद्रावर जाऊन बसतात, कारण आता वारा तोंडावर आला तर भाजत नाही. आमची दिवाळी नेमकी त्या हवेत यायची, म्हणून तिथली दिवाळी मला देशातल्या दिवाळीपेक्षाही गोड वाटायची. हे मी सासरी कधी बोलले नाही.

त्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणत असे. वाईहून एकट्या, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, विलासने काढलेल्या व्हिजिट व्हिसावर. विमानतळाच्या दारातून बाहेर आल्या त्या विजयी मुद्रेने. "अगं, बॅग उघडलीसुद्धा नाही कोणी! मी म्हटलं, बघा बाबा हवं तर, फराळ आहे. तर तो म्हणाला, गो, गो. फार सभ्य माणसं." त्या फराळात लाडू होते, करंज्या होत्या आणि स्टीलच्या उभ्या डब्यात त्यांचे अनारसे होते. आईंच्या अनारशांना वाईत नाव होतं. बायका आपलं पीठ घेऊन त्यांच्याकडे दाखवायला येत. तुपात अनारसा विरघळून पसरला की आपल्याकडे तो हसला म्हणतात. आईंचा अनारसा त्यांच्या पन्नास वर्षांच्या संसारात हसला नव्हता. पिवळसर, जाळीदार, आणि वर खसखस अशी की एक बोटभर जागा मोकळी दिसायची नाही.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही आईंना दुबई दाखवायला खाली निघालो. अनारशांचा डबा आईंच्या मांडीवर होता. दुबईत माझी मैत्रीण नलिनी राहत होती. पहिल्यांदा कोणाच्या घरी जायचं ते रिकाम्या हाताने नाही, एवढं साधं कारण.

काय संध्याकाळ होती ती! अलीकडच्या काठावर, देरा भागात गाडी लावली आणि खाडी ओलांडायला लाकडी होडीत बसलो. तिला तिकडे अब्रा म्हणतात. अर्धा दिरहम माणशी. आईंनी लगेच विचारलं, "म्हणजे आपले किती?" विलास म्हणाला, "सहा रुपये." "मग महाग नाही," त्या म्हणाल्या आणि ऐसपैस बसल्या. पाण्यात दोन्ही काठांचे दिवे उतरले होते. शेजारी एक पठाण, समोर दोन फिलिपिनो मुली, पलीकडे कोकणातली चार मुलं सुट्टीचे स्वच्छ शर्ट घालून. कोकणी मुलांनी आमचं मराठी ऐकलं आणि त्यातला एक म्हणाला, "आजी, कुठल्या तुम्ही?" झालं. डबा उघडला. "घ्या रे बाळांनो, घरचा आहे." मुलांनी अनारसा असा खाल्ला की मला त्यांच्याकडे बघवेना. घरचं खाऊन किती महिने झाले होते कोण जाणे.

पलीकडच्या धक्क्याला होडी लागली तेव्हा लाटेने ती खालीवर होत होती, आणि मधली फट बघून आईंचा पाय उचलेना. धक्क्यावर गर्दी आवरायला एक पोलीस उभा होता. तरुण, नुकती मिसरूड फुटलेली असावी असा. तो पुढे झाला, हात पुढे केला, "यल्ला अम्मा, यल्ला, नो प्रॉब्लेम," आणि आई अलगद धक्क्यावर. त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी तिथेच डबा उघडला. "लो बेटा. हमारे दिवाली का है. घर में बनाया." पोलीस लाजला, नको नको म्हणाला. पण आईंना नाही म्हणायची सोय विलासच्या वडिलांनाही नव्हती. त्याने एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "झैन! वायद झैन, अम्मा!" फार छान, फार छान. आजूबाजूची माणसं हसली. मी मोठ्या उत्साहाने कॅमेरा काढला आणि फोटो घेतला. एका बाजूला नऊवारीतल्या आई, हातात डबा. दुसऱ्या बाजूला गणवेशातला पोलीस, हातात अर्धा अनारसा.

तिथून धक्क्यामागच्या हिंदू देवळाच्या गल्लीत. गजऱ्यांचा वास, अत्तराचा वास, कुठल्याशा दुकानात उकळणाऱ्या चहातल्या वेलचीचा वास. पणत्या, रांगोळीचे रंग, आकाशकंदील. आई दर चार पावलांना थांबत होत्या. "अगं, हे तर आपल्या गावापेक्षा जास्त आपलं आहे," त्या म्हणाल्या. मलाही त्या संध्याकाळी तसंच वाटलं. परक्या देशात आहोत हे विसरायला लावणारं शहर होतं ते, आणि मी अगदी मनापासून विसरले होते.

नलिनीचं घर देवळामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. ती लग्न झाल्यापासून दुबईत होती. तिचा नवरा ऑफिसातून यायचा होता. तिने आईंना वाकून नमस्कार केला, पाणी दिलं आणि आईंनी डबा उघडून तिच्या पुढे धरला. नलिनीचा हात अर्ध्यात थांबला.

"काकू, यावर खसखस आहे?"

"मग? खसखशीशिवाय अनारसा का असतो?"

नलिनीने आधी जाऊन दाराची कडी लावली. मग माझ्याकडे वळली. "सुनीता, तुला माहीत नाही? इथे खसखस चालत नाही. अफूचं बी आहे ते. ड्रग्जमध्ये धरतात. बॅगेत सापडली तर जेल आहे, जेल!"

मला खरंच माहीत नव्हतं. खसखस तिथल्या दुकानांत दिसत नसे, पण अळूची पानंही कधी मिळायची, कधी नाही. येत नसेल, एवढंच मी समजत होते. अनारसे माझ्या हातचे कधी होतच नसत, ते खातं आईंचं. आपल्याकडे झोप लागत नसली तर जिची खीर करून देतात त्या वस्तूपायी कोणी तुरुंगात जाईल, हे मनात यायचं कारण काय?

आई हसल्या. त्यांना वाटलं थट्टा चालली आहे. मग त्यांनी विलासचा चेहरा पाहिला. तो पांढराफटक पडला होता.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "तो पोलीस."

पाचावर धारण बसणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून शिकले होते. त्याचा अर्थ मला त्या तिसऱ्या मजल्यावर कळला. आम्ही ती वस्तू नुसती आणलीच नव्हती. दुबईच्या भर धक्क्यावर, शंभर माणसांसमोर, गणवेशातल्या पोलिसाला आग्रह करकरून खाऊ घातली होती, आणि वर पुरावा असावा म्हणून फोटो काढून ठेवला होता!

"व्हिसा माझ्या सहीने काढलाय," विलास म्हणाला. "आईला काही झालं तर..." मुक्ता सोफ्यावर पाय हलवत बसली होती. "बट इट्स जस्ट अ स्वीट, मम्मा," ती म्हणाली. "व्हाय इज एव्हरीबडी व्हिस्परिंग?"

राहिलेले अनारसे संडासात टाकायचे ठरले. दुसरी जागा सुचली नाही. केराच्या पिशवीत टाकले तर पिशवी कोणी उघडेल, खिडकीतून टाकले तर कोणी बघेल. नलिनीने डबा पालथा केला आणि पाणी सोडलं. अनारसे बुडेनात. इतके हलके, इतके जाळीदार झाले होते की पाणी ओसरलं तरी ते आपले वर तरंगत गोल फिरत होते. नलिनीने पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा ते वर. आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "अन्न आहे गं ते," एवढंच म्हणाल्या. मग आत आल्या, पदर खोचला. "सर बाजूला. तुला जमायचं नाही." आणि खाली वाकून त्यांनी स्वतः एकेक अनारसा पाण्यात कुस्करला. मी बाहेर येऊन मुक्ताजवळ बसले. मला ते बघवलं नाही आणि थांबवताही आलं नाही.

परत जायचं तर गाडी पलीकडे, म्हणजे पुन्हा तोच धक्का. विलास म्हणाला टॅक्सी करू. खाली उतरलो तर सणाच्या गर्दीत एक टॅक्सी रिकामी मिळेना. शेवटी तोंडं खाली घालून होडीकडे निघालो. चोराच्या मनात चांदणं. मला दर माणूस आमच्याकडे बघतोय असं वाटत होतं. तीच गल्ली, तेच गजरे, तेच दिवे, आणि आता मला प्रत्येक दिव्याचा राग येत होता, कारण त्याच्या उजेडात आम्ही दिसत होतो.

तो धक्क्यावर उभा होता. शेजारी त्याच्यापेक्षा वयाने मोठा दुसरा पोलीस. आम्ही गर्दीच्या पलीकडच्या कडेने सरकत होतो, आणि त्याने आम्हाला पाहिलं.

"अम्मा!"

विलासने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. तरुण पोलीस मोठ्या पोलिसाला काहीतरी सांगत, आईंकडे बोट दाखवत आमच्या दिशेने आला. मी मनातल्या मनात वाईच्या ढोल्या गणपतीला काय काय बोललेय ते त्यालाच ठाऊक. जवळ येऊन पोलीस हसला. डब्याकडे बोट दाखवलं. "वन मोर, अम्मा? फॉर माय फ्रेंड."

आई एक पाऊल पुढे झाल्या. मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि रिकामा, घासून लख्ख केलेला डबा त्याच्यासमोर तिरका धरला.

"खलास," त्या म्हणाल्या. चार दिवसांत मुक्ताकडून शिकलेला तो एकच अरबी शब्द.

तो खरोखर हिरमुसला. "नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला," म्हणाला आणि आईंना हात देऊन होडीत बसवायला लागला. त्याने दिलेला हात आईंनी घेतला, पण त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. दाराशी आलेल्याला रिकामा डबा दाखवायची वेळ त्यांच्यावर आजवर कधी आली नव्हती.

गाडी शारजाच्या रहदारीत अडकली. मग मला आठवलं. "आई, करंज्यांच्या सारणात?" "घातलीय की." मग त्या म्हणाल्या, "मसाल्यातही असते." घरी वर्षभर पुरेल एवढा मसाला त्यांनी आणला होता. विलासने गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ तसाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मागून हॉर्न वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गॅलरीत जाऊन कॅमेरा उघडला आणि भर उन्हात रोल बाहेर ओढला. फोटो धुवायला टाकायचा तर स्टुडिओवाला बघणार, हे भय. आई चहाचा कप घेऊन बघत होत्या. "माझा होडीतला पण गेला का रे?" "सगळेच गेले, आई." त्या रोलवर त्यांचा समुद्रावरचा फोटो होता, मुक्ताने काढलेला त्यांचा गॉगल घातलेला फोटो होता. वाईच्या बायकांना दाखवायला त्यांच्याकडे दुबईचा एकही फोटो उरला नाही.

मग सुरू झालं खसखशीचं शोधसत्र. करंज्या गेल्या, मसाला गेला. फळीच्या कोपऱ्यात, बॅगेच्या शिवणीत, चेनच्या दातांत दाणे सापडत राहिले. झाडूने ते उडत, फडक्याला येत नसत. शेवटी आईंनीच युक्ती काढली. कणकेचा गोळा घेऊन त्या फरशीवर, फळ्यांवर, बॅगेच्या अस्तरावर थोपटत बसायच्या आणि चष्मा लावून गोळ्यावर काय चिकटलं ते बघायच्या. लक्ष्मीपूजनाला नैवेद्य म्हणून साखर आणि खजूर ठेवला. दाराची घंटी वाजली की आम्ही तिघंही जागच्या जागी थिजायचो. एकदा गॅसचा सिलिंडरवाला आला, तर आई न्हाणीघरात जाऊन बसल्या आणि तो गेल्यावरही हाक मारेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मुक्ताने एकदा विचारलं, "इज आजी अ थीफ?" मी तिला रागावले, आणि मग तिला जवळ घेऊन खूप रडले.

पुन्हा खाली जाऊ या, असं विलासने दोन-तीनदा सुचवलं. आई म्हणायच्या, "बघितलं की रे सगळं. छान आहे." खिडकी उघडी ठेवून, खारा वारा घेत, त्या घरातच जप करत बसायच्या. बाहेर वर्षातली सगळ्यात सुंदर हवा पडली होती.

काही झालं नाही, हे सांगून टाकते. कोणी आलं नाही, कोणी विचारलं नाही. तो पोलीस बहुधा पुढच्या आठवड्यात आम्हाला विसरलाही असेल, किंवा अजून कुठे तरी मुलांना सांगत असेल की एका नऊवारीतल्या म्हातारीने मला असं काही खाऊ घातलं म्हणून. आई सुखरूप वाईला पोचल्या, पुढे कितीतरी दिवाळ्या त्यांनी तिथे अनारसे केले, खसखशीचेच केले. आम्हीही काही वर्षांनी पुण्याला आलो. तरी त्या मोसमाची आठवण आली की मला ती सगळी सुटका आठवत नाही. आठवते ती आईंच्या परतीची दुपार.

विमानतळाच्या दाराशी आम्ही उभे होतो. आतमध्ये फक्त प्रवाशालाच सोडत. बॅग मी आदल्या दिवशी उलटी करून, झटकून, कणकेने टिपून भरली होती. विलास ट्रॉली आणायला गेला. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरले, शाळेत बाई नखं तपासतात तेव्हा मुलं पसरतात तसे.

"बघ गं नीट. काही राहिलं नाही ना?"

"काही नाही, आई. आता काय असणार?"

"बघ म्हटलं ना." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गाव चांगलं आहे तुमचं. माणसंही चांगली. पण सुनीता, मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली गं."

मला त्या क्षणी त्यांना मिठी मारायची होती, त्यांच्या पाया पडायचं होतं. पण दाराशी गणवेशातली माणसं उभी होती आणि मीही तितकीच घाबरलेली होते. मी त्यांचा हात धरला आणि एकेक नख उजेडात धरून, बाजूच्या कातडीसकट तपासलं. दुसऱ्या हाताचंही तपासलं. "स्वच्छ आहेत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला नसावा. काचेच्या पलीकडे, पहिल्या तपासणीच्या टेबलाशी त्यांची पाळी आली तेव्हा त्या अधिकाऱ्याने हात पुढे केला. आईंनी पिशवीतून पासपोर्ट काढला, पदर उजव्या हाताभोवती गुंडाळून घेतला आणि पदरातूनच तो त्याच्या हातावर ठेवला.